बेस कमी करायचा होता

वऱ्हाडात स्पीकरच्या बॉक्सचा बेस कमी करून मागायला कोणी जात नाही. हे मला अकोल्याच्या जुन्या शहरातल्या एका मिस्त्रीने तोंडावर सांगितलं तेव्हा माझं वय एक्कावन्न होतं, आणि अमरावतीच्या कोचिंग क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवायला लागून मला सत्तावीस वर्षं झाली होती. ध्वनीचा धडा मी इतक्या वेळा शिकवला आहे की फळ्याकडे न बघता मला लहरी काढता येतात. अशा विद्वान माणसाला एका लाकडी बॉक्सने दोन महिने नाचवलं आणि शेवटी त्याच धड्यात नापास केलं. क्लासमधल्या पोरांना हे सांगायची सोय नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

पन्नाशी उलटली की लोक पहाटे चालायला जातात, साखर सोडतात, एखाद्या बाबांच्या नादी लागतात. मी इलेक्ट्रिक गिटार घेतली. कॉलेजात असताना माझ्याकडे एक साधी गिटार होती आणि मला तीन गाणी यायची, त्यातली दोन अर्धी. पुढे संसाराच्या रगाड्यात ती माळ्यावर गेली आणि एका उन्हाळ्यात तिची मान वाकली. अमरावतीच्या मे महिन्यात माणसांच्या माना ताठ राहत नाहीत, ती तर बिचारी लाकडाची होती. आता मुलगी नोकरीसाठी बाहेरगावी गेली, घर रिकामं झालं, आणि ‘तुम्ही काहीतरी छंद लावून घ्या’ असं बायको एकदा बेसावधपणे बोलून गेली. ते वाक्य परत घ्यायचा तिने नंतर बरेचदा प्रयत्न केला.

त्याच सुमारास आई आमच्याकडे आली. आली म्हणजे आणली. अकोटजवळच्या गावात आमची फुलांची आणि भाजीची शेती आहे. धाकटा भाऊ अकोटात राहतो आणि रोज शेतात ये-जा करतो; आई मात्र गावातल्या घरी एकटीच. वय अठ्ठ्याहत्तर, पाय खणखणीत, जीभ त्याहून खणखणीत, फक्त कान गेलेले. अगदी पूर्ण नाही, पण समोर उभं राहून ओरडलं तर दहातले चार शब्द पोचतात आणि उरलेले सहा ती आपल्या मनाने भरते. जूनमध्ये रस्त्याच्या कडेने जाताना मागून एका मोटारसायकलवाल्याने हॉर्न वाजवला. तो तिला ऐकूच आला नाही, गाडीची धडक बसली आणि कोपराचं हाड मोडलं.

प्लास्टर होतं तोवर ती निमूट अमरावतीला राहिली. प्लास्टर निघालं त्या दिवसापासून तिचं एकच पालुपद सुरू झालं, की दसऱ्याच्या झेंडूच्या तोडणीला मला गावी पोचवा. तोडणीला जायला आमची ना नव्हती. पण ती एकदा गेली की परत येणार नाही, हे मलाही कळत होतं आणि बायकोलाही. पुढच्या वेळी मोटारसायकलच्या जागी ट्रॅक्टर असला तर काय, या विचाराने वर्गात शिकवता शिकवता माझं बोलणं तुटायचं. तिने परत यावं, इथेच राहावं, एवढंच मला हवं होतं, आणि ते तिला पटवायचं तर आधी ऐकू जायला हवं होतं.

तिला इथे करमत नव्हतं. कानाचं मशीन आम्ही घेऊन दिलं होतं, पण ते लावलं की डोक्यात कुकरच्या शिट्ट्या होतात म्हणून तिने ते डबीत घालून देवांच्या शेजारी ठेवलं होतं. तिथे त्यालाही रोज एक फूल मिळत असे. दिवसभर ती खिडकीशी बसून खालच्या ऑटोंकडे बघायची. तुमच्या घरात कोणी बोलतच नाही, असं म्हणायची. आम्ही दोघं तिच्याशी ओरडून ओरडून घसे बसवून घेतले होते, आणि पाहुण्यांना वाटायचं की या घरात म्हातारीवर सारखे खेकसतात.

अशा घरात माझा बॉक्स आला. गिटारचे तयार बॉक्स नागपुरात मिळतात, पण तयार वस्तू घेतली तर मी अभ्यासू माणूस कसला. अकोल्यात मोर्णा नदीच्या पलीकडे, जुन्या शहरात, एक मिस्त्री आहे आणि वऱ्हाडातल्या निम्म्या वराती त्याच्याच बॉक्सपुढे नाचतात, अशी माहिती मला मिळाली. मी मापं घेतली, बारा इंची स्पीकरला किती हवा लागते याचं गणित मांडलं, सुबक आकृती काढली आणि एका रविवारी ती त्याच्यासमोर ठेवली. त्याने कागद दोन्ही हातांनी आदराने घेतला, त्याची नीट घडी केली आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली. समजलं सर, दमदार पाहिजे, एवढंच तो म्हणाला. मी त्याला तीनदा सांगितलं की बॉक्स गिटारसाठी आहे, वरातीसाठी नाही. त्यानेही तीनदा मान हलवली.

तीन आठवड्यांनी बॉक्स तयार झाला. जाड प्लाय, कोपऱ्यांना लोखंडी टोप्या, पाठ चारी बाजूंनी स्क्रूंनी गच्च बंद, आणि समोर स्पीकरखाली एक आडवी लांबट खिडकी. ही खिडकी माझ्या आकृतीत नव्हती. बेसला बाहेर पडायला वाट हवी म्हणून त्याने ती आपल्या खुशीने ठेवली होती, आणि तिचे पैसे लावले नव्हते.

बॉक्स पास करायची त्याच्याकडे एक रीत आहे. बॉक्सवर स्टीलची ताटली ठेवायची, तिच्यात मूठभर फुटाणे टाकायचे आणि आवाज सोडायचा. फुटाणे ताटलीबाहेर उड्या मारू लागले की बॉक्स पास. मग ते फुटाणे हजर असलेल्यांनी वाटून खायचे. मी माझ्या गिटारची सगळ्यात जाड तार छेडली आणि अर्धी ताटली रिकामी झाली. दुकानातल्या चार जणांनी माझ्याकडे मोठ्या वादकाकडे बघावं तसं बघितलं. मी खूश झालो, हे कबूल करतो. फुटाणेही खाल्ले.

घरी आणून बॉक्स हॉलच्या कोपऱ्यात, दोन्ही भिंतींना टेकवून ठेवला, कारण बायकोने तेवढीच जागा मंजूर केली होती. सकाळची आणि संध्याकाळची बॅच यांच्यामध्ये दुपारी चारला मला तासभर मोकळा मिळतो. त्या वेळी मी पहिल्यांदा तार छेडली आणि स्वयंपाकघरातले सगळे डबे एकदम बोलले. खिडकीच्या काचा बोलल्या. वरच्या बारीक तारा वाजतात की नाही तेच कळेना. खालच्या तारेला बोट लागलं की सगळं गाणं तिच्या पोटात जायचं आणि बाहेर नुसतं घुम्म घुम्म उरायचं. बायकोने विचारलं, हे गाणं आहे की गिरणी.

खालच्या मजल्यावर पुण्याहून बदलून आलेले एक साहेब राहतात. आमच्याकडचा माणूस असता तर पायऱ्यांवरूनच ‘बंद करा हो’ म्हणून मोकळा झाला असता आणि विषय संपला असता. हे साहेब शर्ट इन करून वर आले, खुर्चीत टेकले, पाणी नको म्हणाले आणि मग सांगितलं की आपला रियाज उत्तमच चालला आहे, फक्त आमच्या काचेच्या कपाटातल्या कपबश्याही त्यात सहभागी होतात. एवढ्या सभ्यपणे कोणी माझा अपमान केला नव्हता. मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली.

आईची मात्र काही तक्रार नव्हती. तिला काय त्याचं, असं आम्ही म्हणायचो. पहिल्याच दिवशी ती आपल्या खोलीतून बाहेर आली, बॉक्सवर बोटाने टकटक केलं, सागवान नाही असा निकाल दिला, आणि खाली बसून त्यालाच पाठ टेकवून मेथी निवडायला घेतली. दुसऱ्या दिवसापासून मी यायच्या आत ती तिथे बसलेली असायची. कधी मेथी, कधी शेंगा, कधी गजऱ्याला फुलं. बाकीच्यांसाठी तो स्पीकर होता, आईसाठी टेकायचा तक्क्या. तुझ्या पाठीने आवाज अडतो, जरा सरक, असं मी खुणांनी सांगायचो. ती दोन बोटं सरकायची. मग डोळे मिटायची, आणि मला वाटायचं की झोपली. आपल्या वादनाने आई रोज झोपते यात माझ्यातल्या कलावंताला फार सुख नव्हतं, पण मेथी निवडून मिळत होती.

त्या दिवसांत तिचं गावाचं पालुपदही कमी झालं. याचं श्रेय आम्ही बायकोच्या हातच्या भाकरीला दिलं.

मग मी बेसच्या मागे लागलो. आधी अॅम्प्लिफायरवरचं बेसचं बटण शून्यावर आणलं. काही फरक पडला नाही, कारण आवाजात बेस अॅम्प्लिफायर घालत नव्हता, बॉक्स आणि कोपरा मिळून घालत होते. स्पीकर कोपऱ्यात ठेवला की दोन भिंती आणि जमीन मिळून खालचे सूर फुगवतात, हे मी पोरांना दर वर्षी सांगतो. स्वतःच्या घरात ते आठवायला मला चार दिवस लागले. बायकोशी वाटाघाटी करून बॉक्स भिंतीपासून दोन हात पुढे ओढला आणि गावाकडून टमाट्याचे प्लास्टिकचे क्रेट मागवून त्यावर चढवला, म्हणजे जमिनीशी संबंध तुटावा. घुमणं थोडं कमी झालं. हॉलमध्ये टीव्हीसमोर क्रेटवर चढलेला काळा बॉक्स बघून घरी आलेले लोक विचारायचे की कोणाच्या लग्नाची तयारी आहे.

क्रेटमुळे आईची पाठ टेकेना. ती एक पाट घेऊन आली, त्यावर उशी ठेवली आणि पुन्हा टेकली. चिवटपणा आमच्या घराण्यात कुठून आला हे मला तेव्हा कळलं.

पुढची पाळी त्या फुकटच्या खिडकीची. तिच्यात मी माझा जुना पंचा गुंडाळून कोंबला. एक पंचा पुरला नाही, दोन कोंबले. साहेबांच्या कपबश्या निम्म्या शांत झाल्या. मग पुस्तकात वाचलं की बॉक्समध्ये आतून मऊ काहीतरी भरलं तर आतली हवा उगाच उसळत नाही. पुस्तकातल्या देशात त्यासाठी खास तयार पदार्थ मिळतो. मी म्हटलं, कापसाच्या मुलखात राहून कापूस विकत कोण आणतं? भावाला फोन केला. त्याने अकोटहून एसटीने गोणीभर पाठवला. मी मागची फळी उघडली, छाती फुगवून सगळा कापूस आत भरला, स्क्रू पिळले आणि तार छेडली. आतून खळ्ळ असा आवाज आला. प्रत्येक सुरामागे एक खळ्ळ. दोन दिवस मी स्पीकर फाटला म्हणून सुतकात होतो.

उलगडा आईने केला. गोणीच्या तळाशी राहिलेला कापूस तिने चिमटीत धरला, आतली सरकी दाताखाली फोडली आणि माझ्याकडे बघून हसली. भावाने जिनिंगमधून न काढलेला, बियांसकटचा कापूस पाठवला होता, आणि त्या बिया आत नाचत होत्या.

“एवढा शिकला अन् सरकीसकट कापूस भरला काय रे बावा?” आई म्हणाली. मग तिने सगळा कापूस बाहेर काढायला लावला आणि पुढचे चार दिवस हॉलमध्ये पाय पसरून एकेक बोंडातली सरकी हाताने वेगळी केली. प्लास्टरमधून सुटलेला हात त्या निमित्ताने मोकळा झाला. घरात आपल्यावाचून अडलेलं एक तरी काम निघालं म्हणून ती इतकी खुलली होती की संध्याकाळी बायकोला शेतातल्या गोष्टी सांगायची. स्वच्छ केलेला कापूस तिने स्वतः बॉक्समध्ये थापून भरला, गादी भरतात तसा, कोपऱ्याकोपऱ्यात बोटांनी दाबून. आता मऊ झालं, असं म्हणाली. तिच्या हाताने मी काय करून घेत होतो याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

आता फक्त थोडंसं घुमणं उरलं होतं. कोणताही शहाणा माणूस इथे थांबला असता. पण मी शिक्षक आहे, पंच्याण्णव टक्के मिळवलेल्या पोराला पाच टक्के कुठे गेले असं विचारण्यात माझं आयुष्य गेलं आहे. गिटारचे कित्येक बॉक्स पाठीमागून अर्धे उघडे असतात, त्यामुळे खालचे सूर पुढे-मागे एकमेकांना खातात आणि आवाज हलका होतो, हे मला वाचून ठाऊक होतं. बॉक्स गाडीत घातला आणि पुन्हा अकोल्याला गेलो.

मिस्त्रीने ऐकून घेतलं, मग हातातला रंधा बाजूला ठेवला.

“सर, तीस साल झाले मले या धंद्यात. लोक बेस वाढवाले येतेत. कमी कराले कोणी आलं नाई,” तो म्हणाला.

पाठ उघडी ठेवणं म्हणजे त्याच्या मते कारागिराने गिऱ्हाइकासमोर धोतर सोडणं होतं. असा बॉक्स माझ्या दुकानातून गेला हे कोणाला सांगू नका, या अटीवर त्याने मागच्या फळीचा मधला रुंद पट्टा कापून काढला आणि त्यापुरता कापूसही उपसून माझ्या हातात दिला. रीत म्हणून ताटली ठेवली, फुटाणे टाकले. मी जाड तार छेडली, पुन्हा छेडली. एकही फुटाणा जागचा हलला नाही. दुकानातल्या लोकांनी नजरा खाली केल्या. मिस्त्रीने फुटाणे परत पुडीत भरले, खायला दिले नाहीत. कापलेली फळी मात्र त्याने गाडीत आणून ठेवली, चार स्क्रू कागदात बांधून दिले आणि फेकू नका, लागेल, असं म्हणाला. मी मनातल्या मनात त्याच्या अडाणीपणाला हसलो आणि घरी येऊन फळी पलंगाखाली टाकली.

आवाज खरोखर सुंदर झाला होता. प्रत्येक तार वेगळी, स्वच्छ, काचेसारखी. साहेबांनी वर येऊन अभिनंदन केलं आणि वाटीभर चकल्या दिल्या. वाटी परत न्यायला विसरले नाहीत. बायको म्हणाली, आता हे गाणं वाटतं. मी आठ दिवस हवेत होतो.

आई त्या आठ दिवसांत हॉलमध्ये आली नाही. पहिल्या दोन दिवशी आली, बॉक्सला टेकली, थोडं बसली, मागे वळून बघितलं आणि उठून गेली. मी म्हटलं, उघड्या पाठीमुळे आता तिला टेकायला जमत नसेल. ती पुन्हा खिडकीशी बसून ऑटो मोजू लागली. गावाचं पालुपद सुरू झालं, आधीपेक्षा जोरात. दसरा पाच दिवसांवर आला तेव्हा तिच्या खोलीत बायकोला मोठी पिशवी भरलेली दिसली. तिच्यात नुसती दसऱ्याची लुगडी नव्हती. उन्हाळ्याची पातळ लुगडी होती, चप्पलचा दुसरा जोड होता, देव होते आणि देवांच्या शेजारची मशीनची डबीही होती. चार दिवसांसाठी जाणारी बाई देव नेत नाही.

मी तिच्यासमोर जाऊन बसलो. चिडलो होतो, ते लपवलं नाही. काय कमी आहे तुला इथे, असं ओरडून विचारलं. परत येणार आहेस की नाही, असंही ओरडून विचारलं. दुसऱ्यांदा विचारल्यावर तिच्यापर्यंत पोचलं.

“येऊन काय करू?” ती म्हणाली. “तुह्यं वाजवणं तेवढं येत होतं मले ऐकू. पाठीतून येत होतं, बावा. आता तेबी तू बंद केलं.”

मी हातवारे करून सांगितलं की बंद कुठे, मी तर रोज वाजवतो, आजही वाजवलं.

“नुसते बोटं फिरवून राहिला तू,” ती म्हणाली. “मले दिसत नाई काय? खालच्या मानसाले भेला.”

आठ दिवस मी तिच्या डोळ्यांसमोर तासतासभर वाजवत होतो, आणि तिला वाटत होतं की शेजाऱ्याच्या धाकाने पोरगं बॉक्स बंद ठेवून नुसतं बसतं. तिला माझी कीव आली होती, म्हणून ती इतके दिवस बोलली नव्हती.

म्हातारपणी कान जातात तेव्हा वरचे सूर आधी जातात आणि खालचे शेवटपर्यंत टिकतात. त्यातला अगदी खालचा सूर तर कानानेच ऐकावा लागतो असंही नाही, तो लाकडातून हाडापर्यंत जातो. हे मी दर वर्षी शिकवतो. चाचणीत त्यावर एक गुणाचा प्रश्न काढतो, आणि ज्याला येत नाही त्याला सगळ्या वर्गासमोर उभं करतो. दोन महिने माझी आई त्या प्रश्नाचं उत्तर होऊन बॉक्सला टेकून बसली होती आणि मी तिला जरा सरक म्हणत होतो. मला लाज वाटली. चांगलीच वाटली.

पलंगाखालून फळी काढली. मिस्त्रीने कागदात बांधून दिलेले चार स्क्रू त्याच भोकांत बसले. त्याआधी सगळा कापूस बाहेर ओढला, दोन्ही पंचे उपसले. क्रेट खालून काढले आणि बॉक्स पुन्हा कोपऱ्यात, दोन्ही भिंतींना टेकवून सारला. बेसचं बटण शून्यावरून पूर्ण फिरवलं. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हे सगळं बघत होती. मग मागे वळून तिने फडताळावरचे काचेचे ग्लास खाली काढून ठेवले.

आईला हाक मारायचा प्रश्नच नव्हता. मी जाड तार छेडली. डबे बोलले, काचा बोलल्या. दुसऱ्यांदा छेडली तेव्हा ती आपल्या खोलीच्या दारात आलेली होती, अनवाणी, एक तळवा भिंतीवर ठेवून. माझ्याकडे बघितलं, बॉक्सकडे बघितलं. मग येऊन खाली बसली आणि पाठ टेकवली. मी वाजवत राहिलो. गाणं कसलं, सगळी घुम्म घुम्मच होती, पण ती मांडीवर एका बोटाने ठेका धरत होती आणि ठेका बरोबर होता. ती झोपायची असं मी दोन महिने समजत होतो.

व्हायचं तेच झालं, बेल वाजली. शर्ट इन करून साहेब दारात उभे. बायकोने त्यांना आत घेऊन आईकडे बोट दाखवलं आणि हळू आवाजात चार वाक्यांत सगळं सांगितलं. साहेबांनी घड्याळात बघितलं. मग म्हणाले की चार ते पाचच ना, त्या वेळात कपबश्या आम्ही पलंगावर काढून ठेवत जाऊ. इतकं बोलून ते गेले. त्यांच्याबद्दल मी आजवर जे काही बोललो आहे, त्यातलं निम्मं मागे घेतो.

मी थांबलो तेव्हा आईने डोळे उघडले.

“ते मधलं अजूनबी चुकते तुह्यं,” ती म्हणाली. “तिथं आला का रोज अडखळते तू. पयल्या दिवसापासून.”

बरोबर होतं. तिसऱ्या ओळीच्या वळणावर माझं बोट रोज घसरतं. बायकोच्या ते कधी लक्षात आलं नाही, साहेबांच्या नाही, सगळ्यांना स्वच्छ ऐकू येत होतं तेव्हाही कोणाच्या लक्षात आलं नाही.

आई हाताचा आधार घेत उठली, खोलीत गेली आणि पिशवी घेऊन आली. तिच्यातून देव काढून तिने बायकोच्या हातात दिले. मशीनची डबी माझ्या हातात दिली. पिशवी आता हलकी झाली होती.

“दसऱ्याहून आलो का पाह्यतो मी,” ती म्हणाली, “सुधरला का नाई.” आणि पुन्हा बॉक्सला पाठ टेकवून बसली.